बाई, आपण मुंबईत आहोत का?

प्रश्न विचारला आमच्या चौथीतल्या एका मुलीनं, आणि सगळा वर्ग खो खो हसला. हसण्यासारखंच होतं. वर्गाच्या खिडकीतून बघितलं तर समोर कांद्याचं वावर, बांधावर बांधलेली म्हैस आणि लांबवर शिवनेरीचा डोंगर. मुंबई राहिली माळशेज घाटाच्या पलीकडे! पण त्या मुलीचं बोट कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं आणि तिथं खरोखरच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मुंबई. पावसाची शक्यता.' बाहेर तर कडकडीत ऊन.

झालं होतं असं. हवामानाचा पाठ चालला होता. शाळेच्या कॉम्प्युटरला मी माझ्या मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि हवामान सांगणारं एक पान उघडलं. त्या पानाला आम्ही कुणीही गावाचं नाव सांगितलं नव्हतं. त्यानं आपण होऊनच ठरवून टाकलं, की ही मंडळी मुंबईची.

मग तर्क सुरू झाले. "बाई, तुम्ही मोबाइल मुंबईच्या दुकानातून घेतला असेल." "नाही बाई, आपला कॉम्प्युटर मुंबईहून आलाय." मागच्या बाकावरून एक गंभीर आवाज आला, "बाई, ते खोटं बोलतंय." मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. (हे वाक्य आम्हा शिक्षकांच्या फार उपयोगी पडतं, बरं का!)

घरी जाऊन वाचलं, थोडी विचारपूस केली आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर वर्गात एक खेळ मांडला. तो तुम्हालाही खेळता येईल. लागतात फक्त कागदाचे कपटे आणि पेन्सिली.

फळ्याजवळ एका मुलीला टेबल दिलं. ते झालं गोष्टींचं दुकान. तिच्याजवळ छोट्या छोट्या गोष्टी लिहिलेले दहा-बारा कागद. प्रत्येक बाकाला एक नंबर. ज्याला गोष्ट हवी त्यानं चिठ्ठी लिहून पुढच्या बाकावर द्यायची आणि ती हातोहात दुकानापर्यंत न्यायची. तोंडानं बोलायचं नाही, जागेवरून उठायचं नाही.

पहिली चिठ्ठी दुकानात पोचली, 'सिंहाची गोष्ट पाठव.' दुकानदारीण गोंधळली. "बाई, पण पाठवू कुणाला?"

बघा हं, इथंच सगळी मेख आहे. चिठ्ठीवर 'कुणाकडून' हे लिहिल्याशिवाय उत्तर परत येऊच शकत नाही. इंटरनेटचंही अगदी असंच आहे. आपण एखादं पान उघडतो म्हणजे दूरच्या एका कॉम्प्युटरला चिठ्ठी पाठवतो, आणि त्या चिठ्ठीवर आपला परतीचा पत्ता असावाच लागतो. म्हणजे वेबसाइट आपला पत्ता चोरून शोधून काढते असं काही नाही. प्रत्येक चिठ्ठीबरोबर तो आपणच देत असतो.

या पत्त्याला म्हणतात आयपी पत्ता. तो अक्षरांत नसतो, आकड्यांत असतो. उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५. (हा खरा कुणाचा पत्ता नाही, घाबरू नका. सिनेमात खोटा टेलिफोन नंबर दाखवतात ना, तसे काही आकडे पुस्तकांतल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत. हा त्यांतलाच.) मध्ये तीन टिंबं, आणि टिंबांच्या अधेमधे ० ते २५५ यांपैकी कुठलीही संख्या. पाचवी-सहावीच्या मुलांनी कागद घेऊन २५६ × २५६ × २५६ × २५६ करून पाहावं. उत्तर येईल ४,२९,४९,६७,२९६. सव्वाचारशे कोटींहून थोडे जास्त पत्ते. आणि जगात माणसं आहेत आठशे कोटींवर! म्हणजे माणशी एक पत्तासुद्धा पुरत नाही. त्यासाठी आता खूप लांब आकड्यांची नवी पद्धतही आली आहे आणि आपल्या देशात ती चांगलीच पसरली आहे. पण जुने पत्ते अजून चालू आहेत आणि ते पुरवून पुरवून वापरावे लागतात. ही टंचाई लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या आकड्यांत 'मुंबई' कुठं लिहिलंय? कुठंच नाही!

पोस्टाचा पिनकोड वेगळा. पिनकोडच्या आकड्यांत ठिकाण दडलेलं असतं. पहिले दोन आकडे ४१ दिसले, की हे टपाल पुण्याच्या बाजूचं, एवढं पोस्टातल्या माणसाला तिथल्या तिथं कळतं. आयपी पत्ता हा पिनकोडपेक्षा गाडीच्या नंबरासारखा जास्त आहे. एमएच १४ पाटीचा ट्रक दिसला तर त्याची नोंद पिंपरी-चिंचवडला झाली एवढं समजतं. तो ट्रक या क्षणी नारायणगावला टोमॅटो भरतोय की आसामात पंक्चर होऊन उभा आहे, ते पाटी सांगत नाही.

या आकड्यांची वाटणी मात्र पद्धतशीर होते. जगाचे पाच विभाग केले आहेत. आपल्या आशिया-प्रशांत विभागाची कचेरी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. तिच्या हाताखाली भारताची स्वतःची नोंदणी संस्था आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या तिथून हजारो-लाखो पत्ते घाऊक घेतात आणि गिऱ्हाइकांना वापरायला देतात. कुठले आकडे कुठल्या कंपनीकडे, याची नोंदवही सगळ्यांना बघता येते. काही धंदेवाईक कंपन्या ही वही बघून, आणखी इकडून तिकडून माहिती गोळा करून मोठमोठ्या याद्या बनवतात. अमुक आकडे म्हणजे बहुधा पुणे, तमुक म्हणजे बहुधा नागपूर. हवामानाच्या पानानं अशाच एखाद्या यादीत बघितलं होतं. यादीतला 'बहुधा' हा शब्द पडद्यावर येईपर्यंत गळून पडतो, एवढाच काय तो घोटाळा.

आणि मुंबई का? मोबाइलची चिठ्ठी आमच्या गावाजवळच्या टॉवरवरून थेट जगात जात नाही. ती कंपनीच्या आतल्या रस्त्यानं आधी एखाद्या मोठ्या शहरातल्या केंद्रात जाते आणि तिथल्या फाटकातून बाहेर पडते. पत्त्यांची टंचाई आहे हे मघाशी बघितलंच. त्यामुळे त्या फाटकावर एका पत्त्यामागे पुष्कळ गिऱ्हाइकं उभी केलेली असतात. मोठ्या हाउसिंग सोसायटीत घरं दोनशे असली तरी रस्त्यावर उघडणारं फाटक एकच असतं ना, तसं. आमची चिठ्ठी मुंबईच्या फाटकातून बाहेर पडली आणि यादीनं फाटकाचं गाव वाचून दाखवलं.

शेतावर कोसळलेले साठ कोटी पत्ते

हवामान चुकलं तर हसून सोडून देता येतं. पण अशाच एका यादीमुळे अमेरिकेत एका शेतावर काय वेळ आली, ती हकिगत ऐका. ती मी वर्गात सांगितली तेव्हा पेन्सिल पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता झाली होती.

मॅक्समाइंड नावाची एक अमेरिकन कंपनी अशा याद्या बनवते. एखादा पत्ता अमेरिकेतला आहे एवढंच ठाऊक असेल, गाव ठाऊक नसेल, तर यादीत काय लिहायचं? २००२ साली कंपनीनं ठरवलं, की अशा वेळी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू लिहायचा. मध्याचे खरे आकडे अपूर्णांकातले, लांबलचक. म्हणून सोयीसाठी सरळ पूर्ण अंश घेतले. ३८ अंश उत्तर अक्षांश, ९७ अंश पश्चिम रेखांश. भूगोलाच्या तासाला आपणही असंच करतो.

पण नकाशावर हा बिंदू पडला कॅन्सस राज्यात, पॉटविन नावाच्या लहानशा गावाजवळच्या एका शेतघरावर! होता होता साठ कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका घराच्या नावावर जमा झाले. पुढे काय होणार ते तुमच्या लक्षात आलंच असेल. कुठं कुणी इंटरनेटवरून फसवणूक केली, कुणाचे पैसे लुबाडले, कुणाला घाणेरडी पत्रं पाठवली, की चिडलेली माणसं यादीत बघायची आणि थेट त्या शेतावर येऊन थडकायची. पोलीस यायचे, कर खात्याची माणसं यायची, घरातून पळून गेलेल्या मुलांना शोधायलाही लोक तिथंच यायचे. एकदा तर कुणीतरी फुटकं संडासाचं भांडं आणून वाटेत टाकलं होतं. शेवटी तिथल्या पोलीस अधिकाऱ्यानं घराच्या वाटेवर पाटी लावली, की या लोकांना त्रास देऊ नका, काही विचारायचं असेल तर मला विचारा.

त्या घरातल्या माणसांना वर्षानुवर्षं कळलंच नाही, की हे सगळं आपल्याच वाट्याला का येतंय. २०१६ साली एका पत्रकार बाईंनी छडा लावला तेव्हा कारण उजेडात आलं. आमची यादी फार तर शहरापर्यंत सांगते, घर शोधायला ती नाहीच, असं कंपनीचं म्हणणं होतं. बरोबरच आहे. पण नकाशावर टाचणी दिसली, की माणूस टाचणीवर विश्वास ठेवतो. कंपनीनं मग तो बिंदू उचलून एका मोठ्या तलावाच्या मधोमध नेऊन ठेवला. आमच्या वर्गातून लगेच सूचना आली, "बाई, पहिल्यांदाच तलावात ठेवायचा ना!"

दारातला मुखत्यार

आता खेळाची दुसरी फेरी. यावेळी एका मुलाला वर्गाच्या दारात बसवलं. ज्यांना थेट दुकानाला चिठ्ठी लिहायची नसेल त्यांनी याला लिहायची. यानं ती वाचून स्वतःची नवी चिठ्ठी करायची, 'कुणाकडून'च्या जागी 'दार' असं लिहायचं आणि दुकानाला पाठवायची. गोष्ट आली, की ज्याची त्याला नेऊन द्यायची. दुकानदारिणीला दिलेल्या वहीत तिनं लिहिलं, 'दार – ५ गोष्टी.' पाच वेगवेगळ्या मुलांनी मागवलेल्या पाच गोष्टी, पण तिच्या लेखी गिऱ्हाईक एकच!

मग दारातल्या गड्याला उचलून शेजारच्या तिसरीच्या वर्गात बसवलं. आता वहीत नोंद झाली, 'तिसरीचा वर्ग – ४ गोष्टी.' चौथीची मुलं आपापल्या बाकांवर होती तिथंच होती, आणि दुकानाच्या दृष्टीनं ती तिसरीत गेली होती. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

या दारातल्या गड्याचं नाव प्रॉक्सी सर्व्हर. कॉलेजात जाणाऱ्या ताई-दादांना हा शब्द भलत्याच कारणानं ठाऊक असतो. दुसऱ्याच्या नावाची हजेरी आपण देणं म्हणजे 'प्रॉक्सी मारणं'! आपला जुना शब्द मुखत्यार. आजोबांना तालुक्याला जाणं जमत नाही म्हणून ते कुणाला तरी मुखत्यारपत्र देतात. सही करणारा हात दुसऱ्याचा, काम आजोबांचं. प्रॉक्सी सर्व्हर हा आपल्या वतीनं चिठ्ठ्या पाठवणारा कॉम्प्युटर. तो सिंगापूरला ठेवलेला असेल तर वेबसाइटला आपण सिंगापूरचे वाटतो. तो लंडनला असेल तर लंडनचे. आपण मात्र ओसरीवरच शेंगा खात बसलेलो असतो.

तुम्हाला वाटेल, हे लपाछपीसाठीच काढलेलं दिसतंय. तसं नाही. जिनिव्हाजवळ सर्न नावाची संशोधन संस्था आहे. वर्ल्ड वाइड वेबचा जन्म तिथलाच. १९९४ च्या सुमारास तिथल्या मंडळींनी प्रॉक्सी तयार केला तो दोन साध्या अडचणींसाठी. काही कचेऱ्यांचे कॉम्प्युटर सुरक्षेसाठी बंद भिंतीच्या आत असत. त्यांना बाहेरचं काही हवं असेल तर आणून देणारा एक विश्वासू माणूस दारात हवा. आणि दुसरी अडचण वेगाची. आपल्याकडे व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून एक चित्र उतरायला किती वेळ लागायचा, ते आई-बाबांना विचारा! अशा वेळी दारातल्यानं एकदा आणलेल्या पानाची नक्कल खिशात ठेवली, तर दुसऱ्यानं तेच मागितल्यावर पुन्हा लांब जायला नको.

आमच्या खेळातही हे झालं. सिंहाची गोष्ट तिसऱ्यांदा मागवल्यावर आमच्या मुखत्यारानं ती उतरवून घेतली आणि चौथ्याला परस्पर देऊन टाकली. दुकानदारिणीला पत्ताच नाही. गंमत म्हणजे मध्यंतरी तिनं त्या गोष्टीचा शेवट बदलला होता. चौथ्याला मिळाला जुनाच शेवट. खऱ्या प्रॉक्सीकडूनही कधी कधी असं शिळं पान मिळतं.

ठिकाणाचा घोळही जुनाच आहे. १९९० च्या दशकात अमेरिका ऑनलाइन ही कंपनी आपल्या गिऱ्हाइकांची पानं आपल्याच प्रॉक्सींमधून आणत असे आणि ते होते व्हर्जिनिया राज्यात. कॅलिफोर्नियातला माणूसही वेबसाइटला व्हर्जिनियाचा दिसायचा. त्यात त्याचा काही डाव नव्हता, बिचाऱ्याला ते माहीतही नसायचं. आजही कित्येक कचेऱ्यांत आणि कॉलेजांत प्रॉक्सी असतो. कामाच्या वेळी कुणी खेळ उघडू नयेत म्हणून तो काही दारं बंद ठेवतो. व्हीपीएन हे नाव जाहिरातींत ऐकलं असेल. तो प्रॉक्सीचाच भाऊबंद. बहुतेक वेळा प्रॉक्सी एखाद्याच कामाच्या चिठ्ठ्या नेतो, तर व्हीपीएन यंत्रातून निघणाऱ्या सगळ्याच चिठ्ठ्या सीलबंद पिशवीत घालून आपल्या दारापर्यंत नेतो. पुढे वेबसाइटला दिसतो तो त्याच्या दाराचाच पत्ता.

अक्षरावरून ओळखलं

तिसऱ्या फेरीत आमचा मुखत्यार कंटाळला. चिठ्ठ्या उतरवून काढण्याऐवजी त्यानं मूळ चिठ्ठीलाच वर 'दार' असं लिहून ती तशीच पुढे ढकलली. खाली 'बाक नं. ७' स्वच्छ दिसत होतं! खरे प्रॉक्सीही काही वेळा असं करतात. आळसानं नव्हे, मुद्दाम. 'ही चिठ्ठी मी अमक्यासाठी आणली आहे' अशी ओळ ते जोडून देतात.

एका पठ्ठ्यानं तर चिठ्ठीच्या शेवटी सवयीनं 'आपला विश्वासू' लिहून खाली नाव घातलं होतं. पत्रलेखनाच्या धड्याचा परिणाम! आपण एखाद्या वेबसाइटवर आपल्या नावानं शिरलो, की अगदी हेच करत असतो. मग चिठ्ठी सिंगापूरहून येवो की लंडनहून, आत नाव आपलंच. शिवाय आपलं घड्याळ भारतातल्या वेळेचं, भाषा मराठी निवडलेली. हुशार दुकानदार एवढ्यावरून बराच अंदाज बांधतो. आमच्या दुकानदारिणीनं तर एकाला नुसत्या वाकड्यातिकड्या अक्षरावरून ओळखलं.

मोबाइलमधल्या नकाशाची गोष्ट आणखी वेगळी. ज्या क्षणी हवामानाचं पान आम्हाला मुंबईत बसवत होतं, त्याच क्षणी माझ्या मोबाइलचा नकाशा आमच्या शाळेवर निळा ठिपका दाखवत होता. कारण नकाशा परतीच्या पत्त्यावर अवलंबून नसतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संदेश मोबाइल ऐकतो, आसपासच्या वाय-फायचा आणि टॉवरचाही कानोसा घेतो. 'तुमचं ठिकाण वापरू का?' असं एखादं अ‍ॅप विचारतं आणि आपण न वाचताच 'हो' म्हणतो, तेव्हा आपण त्याला हा निळा ठिपका देत असतो. मध्ये प्रॉक्सी असला तरी त्या ठिपक्याला तो हातही लावू शकत नाही.

"त्यानं माझी चिठ्ठी वाचली!"

खेळ इथं संपला असता, पण एक भांडण झालं. एका मुलीनं गुपचूप भुताची गोष्ट मागवली होती. ती भुताला घाबरते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून ती दारामार्फत गेली. आणि आमच्या मुखत्यारानं मोठ्यांदा जाहीर केलं, "बघा, हिनं कुठली गोष्ट मागवलीय!" मुलगी रडायला लागली. "बाई, त्यानं माझी चिठ्ठी वाचली!"

मी त्याला रागावले, आणि मग लक्षात आलं, की खेळाचा हा नियम मीच केला होता. नवी चिठ्ठी लिहायची तर जुनी वाचायलाच हवी. दुकानापासून जे लपलं ते दारातल्याला सगळं कळलं होतं. कोण, काय, किती वेळा.

मग आम्ही पाकिटं आणली. आतला मजकूर चिकटवून बंद, वर फक्त दुकानाचं नाव. आता मुखत्याराला एवढंच कळत होतं, की सात नंबरच्या बाकावरून गोष्टींच्या दुकानाला काहीतरी गेलं. इंटरनेटवरही असं पाकीट आहे. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस ही अक्षरं असतात ना, त्यांतल्या शेवटच्या 'एस'चा अर्थ पाकीट बंद आहे. तो 'एस' नसेल तर ते पोस्टकार्ड. वाटेतल्या कुणीही वाचावं.

आता पालकांनी जरा इकडे लक्ष द्यावं. मोबाइलवर 'फुकट प्रॉक्सी', 'फुकट व्हीपीएन' अशी अ‍ॅप ढिगानं मिळतात. एखादा खेळ किंवा मालिका आपल्या देशात दिसत नाही म्हणून मुलं ती पटकन उतरवून घेतात. प्रॉक्सी वापरणं हा काही गुन्हा नाही, मोठमोठ्या कचेऱ्या वापरतात. पण जगभर दारं उघडून ठेवायला, तिथं कॉम्प्युटर चालवायला रोज पैसा लागतो. तुमच्याकडून एक पैसा न घेता कुणी ते करत असेल, तर त्याचं पोट कशावर भरतं? कधी जाहिरातींवर, कधी तुमच्या चिठ्ठ्यांतली माहिती विकून.

आणि कधी याहूनही वाईट. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं '९११ एस५' नावाचं एक जाळं उद्ध्वस्त केल्याचं जाहीर केलं. लोकांनी फुकटची व्हीपीएन अ‍ॅप आपल्या कॉम्प्युटरवर घेतली होती, आणि त्या अ‍ॅपनी गुपचूप त्यांच्याच कॉम्प्युटरचा प्रॉक्सी करून टाकला होता. म्हणजे दारातला मुखत्यार यांना शोधायला गेलेली माणसं स्वतःच दुसऱ्यांचे मुखत्यार होऊन बसली, न कळत! जवळजवळ दोनशे देशांतले १ कोटी ९० लाखांवर आयपी पत्ते त्या जाळ्यात होते. भामटे पैसे देऊन हे पत्ते भाड्यानं घ्यायचे आणि चोऱ्या करायचे. चोरी भामट्याची, चिठ्ठीवरचा पत्ता कुणा साध्या कुटुंबाचा.

पोलीस जातात ते पत्त्यावरून. आणि पत्त्याची गफलत झाली तर काय होतं, ते आपल्या पुण्यानंही पाहिलं आहे. २००७ साली ऑर्कुट या तेव्हाच्या संकेतस्थळावर शिवाजी महाराजांबद्दल कुणीतरी अवमानकारक मजकूर टाकला होता. पुणे पोलिसांनी त्याचा आयपी पत्ता मिळवला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला विचारलं, की हा कुणाचा? कंपनीनं एक नाव दिलं. बंगळूरच्या एका तरुण इंजिनिअरला अटक करून पुण्याला आणलं. तो पन्नास दिवस तुरुंगात होता. नंतर उघड झालं, की कंपनीनं दिलेली माहितीच चुकीची होती आणि तो पत्ता त्याचा नव्हताच.

पन्नास दिवस! उन्हाळ्याच्या सुट्टीएवढे. तेव्हा माझ्या मनात आलं, की मुंबईच्या फाटकावर एका पत्त्यामागे इतकी माणसं उभी असतात, घरचा पत्ताही कंपनी अधूनमधून बदलत असते. सकाळी जो आकडा तुमच्या घरी असतो तो संध्याकाळी दुसऱ्या कुणाकडे असू शकतो. त्यामुळे नुसता आकडा पुरत नाही. कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, हेही काटेकोर जुळवावं लागतं, आणि एवढं जुळलं तरी हाती लागतं घर. त्या घरातला नेमका कोण, हे पुन्हा वेगळंच शोधावं लागतं.

वर्गात हे सांगून झाल्यावर सात नंबरच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, माझ्या बाकाचा नंबर घालून कुणीतरी 'भुताची गोष्ट पाठव' लिहिलं होतं. मी नव्हतो." कुणी लिहिलं ते काही शेवटपर्यंत कळलं नाही.

आता आम्ही वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावलाय. रोज सकाळी हवामानाचं पान उघडायचं आणि ते आपल्याला कुठं बसवतंय ते तारखेसह लिहायचं. तुम्हीही करून पाहा. एकदा मोबाइलच्या इंटरनेटवरून, एकदा घरी वाय-फाय असेल तर त्यावरून, आणि दोन्ही वेळा ठिकाण वापरायची परवानगी न देता. आमच्या तक्त्यात आतापर्यंत मुंबई बऱ्याचदा आली, पुणे आठ वेळा, आणि एकदा चक्क अहमदाबाद. आमच्या गावाचं नाव काही अजून आलेलं नाही.